चाळीस मिलिसेकंद

शुक्रवार, ७ तारीख

आधी कबुली देऊन टाकतो, बाकीचं मग. नोकरीला लागून आज पाचवाच दिवस, आणि आजच मी नको ते केलंय. एका म्हाताऱ्या माणसाने लिहून ठेवलं होतं की कृपा करून ही ओळ काढू नका. मी काढली. वर साहेबांना सांगितलं की तीन दिवस डोकं फोडून शोधली. खरं तर दहा मिनिटं लागली, त्यातली सहा मी हसत होतो.

कुणाला सांगायची सोय नाही म्हणून इथे लिहितोय. वही ऑफिसची आहे. रोज काय काम केलं ते लिहायला मिळालीय. चार दिवस तिच्यात साहेबांची चित्रं काढली.

सोमवारी आलो तेव्हा काय मजा होती! एक पिशवी, एक उशी, आणि स्टँडवर ताई. ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. शाळेची बस चालवते, त्यामुळे बोलते पण मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असं. आई गेल्यापासून आई, बाप आणि फौजदार सगळं तीच. दुसऱ्या मजल्यावर तिच्या दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत माझी खाट. तिचा एकच कायदा: मी घरी आल्याशिवाय ती जेवत नाही. पहिल्याच दिवशी तासभर उशिरा आलो तर दारात उभी. मी म्हटलं, अगं जेवून घ्यायचं, मी काय कुक्कुलं बाळ आहे? तर म्हणाली, वाट बघितली तर माझं काय जातंय?

ऑफिस तिसऱ्या मजल्यावर, अकरा माणसं, एक लांबलचक टेबल. तपासणीच्या लॅबमधून रक्ताबिक्ताचे रिपोर्ट निघतात, ते दवाखान्यातल्या डॉक्टरांपर्यंत पोचवायचा प्रोग्राम आमचा. साहेबांना सगळे पाठीमागे घाईसाहेब म्हणतात. लिफ्टचं बटण एकदा दाबून त्यांचं समाधान होत नाही. मी फोन दुरुस्तीच्या दुकानात होतो तिथे ते गोठलेला लॅपटॉप घेऊन आले होते. मी सेहेचाळीस खिडक्या बंद केल्या, लॅपटॉप पळायला लागला. दहावी दुसऱ्या खेपेला सुटलेल्या पोराला त्यांनी तिथल्या तिथे नोकरी दिली. काम काय, तर प्रोग्राम कुठे रेंगाळतो ते शोधायचं. सोपं आहे. एकच खिडकी, समोर रांग. खिडकीतला माणूस कशात वेळ घालवतो तेवढं बघायचं.

मला शिकवायला मॅडम आहेत. चष्मा, कमी बोलणं, पण पोचलेल्या. बुधवारी मी त्यांच्या स्क्रीनवरचं सगळं उलटं करून ठेवलं. ओरडल्या नाहीत. मॉनिटरच उचलून उलटा ठेवला आणि काम चालू. मी मनातल्या मनात कान पकडले.

तर आज त्यांनी मोजायचं साधन दाखवलं. एका रिपोर्टला साठ मिलिसेकंद लागतात, आणि कशाला किती ते रंगीत पट्ट्यांत दिसतं. सगळ्यात जाड पट्टी चाळीसची. आत जाऊन बघतो तर प्रोग्राम तिथे काहीच करत नव्हता! नुसता थांबत होता. चाळीस मिलिसेकंद गप्प उभा. डोळ्याची पापणी लवायलाही याच्याहून जास्त वेळ लागतो. वर लिहिलेलं: कृपया ही ओळ काढू नका. कारण हवं असेल तर घरी या. आणि खाली चक्क घरचा पत्ता. प्रोग्राममध्ये पाहुणचाराचं आमंत्रण!

लिहिणारे कासवकाका. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. हळू चालायचे, हळू बोलायचे, म्हणून कासव. मॅडम म्हणाल्या, आधी जाऊन विचारून ये. मी खाली चहा पिऊन आलो आणि सांगितलं, भेटलो, काका म्हणाले काढ खुशाल.

साठाचे वीस झाले. घाईसाहेबांनी पाठीवर अशी थाप मारली की चहा वर आला.

मंगळवार, ११ तारीख

माझी सुधारणा आधी एकाच दवाखान्याला दिलीय. तिथून फोन आला, रिपोर्ट म्हणे बटण दाबायच्या आत समोर. घाईसाहेबांनी भिंतीवर मोठा स्क्रीन लावून घेतला. त्याच्यावर एकच गोष्ट: आज वाचवलेला वेळ. आजचा आकडा तेरा मिनिटं. माझ्या नावाने टाळ्या.

ताई माझ्यावर सूड उगवतेय. लहानपणापासून मी तिला इतकं छळलंय की कधीतरी फिट्टंफाट होणारच. आज सकाळी मला वाढता वाढता थांबली. चमचा हवेत, तोंड अर्धवट उघडं. मी म्हटलं, बाई, पुतळा छान, पण भूक लागलीय. हूं नाही की चूं नाही. पापणीसुद्धा नाही. मग एकदम चमचा खाली आणि वाक्य पुढे चालू. मी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, टाळ्या कसल्या?

काय अभिनय! मानलं.

शनिवार, १५ तारीख

गुरुवारपासून सगळ्या दवाखान्यांना माझी सुधारणा लागू. भिंतीवर रोज दोन तासांच्या वर आकडा येतो. घाईसाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतात, आमचा दहावीवाला बघा.

ताईने नाटक वाढवलंय. आज दुपारी कपडे वाळत घालताना थांबली. हातात चिमटा, हात वर. मी नाकाला गुदगुल्या केल्या. डोक्यावर बादली ठेवली. शेवटी बॉलपेनने मिशा काढल्या, चांगल्या पिळदार. तेवढ्यात सुरू झाली आणि चिमटा लावला. संध्याकाळपर्यंत त्या मिशा घेऊन फिरली. खालच्या किल्लीवाल्याशी बोलून आली. आरशात बघितलं तेव्हा मला लाटण्याने मारायला धावेल म्हणून मी दारात तयारीत होतो. धावली नाही. मिशा पुसत पुसत विचारलं, कधी काढल्यास रे? मी तर झोपलेच नाही आज.

खोटं बोलताना ताईचा कान हलतो. लहानपणापासून मला माहितेय. कान हलला नाही.

गुरुवार, २० तारीख

काल रजा टाकली. पोट बिघडलं म्हणून थाप मारली आणि दिवसभर ताईच्या मागे मागे. बसमध्ये तिच्या मागच्या सीटवर बसलो, फोनवर वेळ मोजायचं घड्याळ लावून. थांबली की चालू, सुटली की बंद.

सिग्नल हिरवा झाला, बस जागची हलली नाही. मागे हॉर्नवर हॉर्न. पोरं खिदळायला लागली, बसवाली ताई स्टॅच्यू खेळते म्हणून. एक मुलगी माझ्याकडे वळून म्हणाली की ती रोज खेळते, आणि रोज तीच जिंकते.

तेवीस सेकंद. मग दहा. मग चार मिनिटं, ती शाळेच्या फाटकाशी, गाडी बंद असताना. देवाची कृपा म्हणायची. कधी हातात पाण्याची बाटली, पाणी ओठांपर्यंत आलेलं, तिथेच.

सगळं मिळून दोन तास अकरा मिनिटं.

आज ऑफिसात आल्या आल्या भिंतीवर बघितलं, अजून कालचाच आकडा होता. दोन तास अकरा मिनिटं.

योगायोग असतात. किल्लीवाला म्हणतो जगात एकाच किल्लीने उघडणारी दोन कुलुपं असतात.

तरी दुपारी ताईला डॉक्टरकडे नेलं. डोकं, डोळे, रक्त, सगळं तपासलं. रिपोर्ट आमच्याच प्रोग्राममधून आला. आणि लगेच आला. सगळं ठीक आहे म्हणे, दमलीय, झोप हवी.

गुरुवार, २७ तारीख

घाईसाहेबांनी वेगाच्या जोरावर नवे दवाखाने धरले. रोजच्या दोन लाख रिपोर्टांचे सहा लाख झाले. खिडकी तीच, पण माणूस चपळ, म्हणून झेपतंय. भिंतीवर आज सहा तास चाळीस मिनिटं.

ताईची बस फुटपाथवर चढली.

वळणावर थांबली ती. बस नाही, ताई. पाय होता तिथेच राहिला, हात होता तिथेच राहिला. बस सरळ गेली आणि दिव्याच्या खांबाला धडकली. एका पोराचा दात पडला. तेवढंच. लोक म्हणतात नशीब.

शाळेने तिला घरी बसवलंय. अकरा वर्षांत एक ओरखडा नव्हता बसला. ती मला समजावत होती की तिला वळण दिसलंच नाही, वळण आधी नव्हतं आणि मग एकदम खांबच आला. रडायला लागली. रडता रडता थांबली. गालावर थेंब तसाच, खाली येईना. मी समोर बसून राहिलो. एकोणीस मिनिटं तो थेंब बघत होतो.

उद्या त्या पत्त्यावर जातो.

शुक्रवार, २८ तारीख

हे नीट लिहायला पाहिजे.

कासवकाकांचं घर तळमजल्यावर आहे. दार उघडंच होतं. काकांनी मला बघितलं आणि पहिलं काय विचारलं, तर काढलीस का. मी मान खाली घातली. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची पुढे केली आणि विचारलं, तुझी घरी कोण वाट बघतं?

खिडकीशी काकू उभ्या होत्या. एका हाताने पडदा बाजूला धरलेला, नजर रस्त्यावर. मी नमस्कार केला. काका म्हणाले, राहू दे, तिला आत्ता ऐकू येत नाही.

तरुणपणी ते माझ्यासारखेच होते म्हणे. कासव नव्हते, हरणासारखे होते. प्रोग्राममधली थांबण्याची प्रत्येक जागा हुडकून काढायचे. ऑफिस त्यांना डोक्यावर घेऊन नाचायचं, घरी यायला रोज उशीर, आणि काकू खिडकीत. वाट बघणं कुठे नाहीसं होत नाही पोरा, असं म्हणाले. यंत्रातून काढलंस की माणसात जातं. जो काढतो त्याची वाट बघणाऱ्या माणसात. हे कळेपर्यंत त्यांनी काकूंचे जवळजवळ सगळे तास काढून घेतले होते. परत ठेवायला गेले तर जागाच नव्हती. मोकळं केलं की लोक भरतात, पाणी भरावं तसं. कशीबशी चाळीस मिलिसेकंदांची फट सापडली. तेवढ्यात काकूंना दिवसाचे दोन तास मिळाले. ते दोन तास अजून त्यांचे आहेत. मी काढलेली वाट त्यांच्याकडे नाही गेली. माझ्या ताईकडे गेली.

मी विचारलं, मग नोटमध्ये नीट का नाही लिहिलं? ते म्हणाले, लिहिलं असतं तर तू हसला नसतास का? मी तर त्याशिवायही हसलो होतो.

आणि तेवढ्यात पडदा पडला. काकू वळल्या. सकाळी अर्धवट राहिलेलं वाक्य पूर्ण करावं तसं म्हणाल्या की दूध संपलंय. मग मला बघून लाजल्या, केस सारखे केले, हा कोण म्हणून विचारलं. काका उठले तसे तरुण दिसले. दोघं बोलत सुटली, एकमेकांचं वाक्य तोडून, भरभर, जेवायलाही न बसता. निघताना ऐकलं, काकू लाडात विचारत होत्या, आज पण उशीर केलात ना? आणि काका म्हणाले, नाही गं, मी घरीच आहे. दोन वर्षं घरीच आहे.

त्यांनी कितव्यांदा सांगितलं असेल.

सोमवार, १ तारीख

सकाळी नऊला ओळ परत टाकली. कुणाला न विचारता.

दहाला किल्लीवाल्याला फोन केला, वर जाऊन ताईला बघ म्हणून. तो म्हणाला, बघायचं काय, जिन्यात बसून पोरांना ओरडतेय. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

साडेदहाला फोन सुरू झाले. गर्दीच्या वेळी सेकंदाला वीस रिपोर्ट येतात, ओळ टाकल्यावर सोळाच जातात. चार उरतात. प्रत्येक सेकंदाला चार. साडेअकराला रांगेत चौदा हजार. मॅडमचा चेहरा मी पहिल्यांदा पांढरा बघितला. एका दवाखान्यातून एक बाई थेट आमच्या नंबरवर बोलल्या. बाळाच्या रक्ताचा रिपोर्ट येईना, आणि तो आल्याशिवाय औषध देता येईना. ओरडत नव्हत्या. फक्त विचारत होत्या, अजून किती वाट बघू?

तो फोन मी उचलला होता.

ओळ मीच काढली परत. घाईसाहेब पोचायच्या आत. बाळाचा रिपोर्ट पोचला, बाळ वाचलं. मी विचारलं फोन करून.

मग घरी गेलो. ताई जिन्यात होती. पोरांना ओरडण्यासाठी बोट वर केलेलं. पोरं केव्हाच गेली होती.

मंगळवार, २ तारीख

मॅडमना विचारलं, दुसरी खिडकी उघडली तर? रांग फुटेल, ओळ परत ठेवता येईल. त्या म्हणाल्या, तीन महिन्यांचं काम आहे, मीच करीन. पण माझ्या लगेच लक्षात आलं, तेही यंत्रातलं वाट बघणं काढणंच, आणि काढणाऱ्या मॅडम. मॅडमच्या घरी त्यांचे वडील असतात. संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसतात.

मॅडमना म्हटलं, नको, दुसरी खिडकी नकोच.

भिंतीवर सात तास दोन मिनिटं.

बुधवार, ३ तारीख

एकच रस्ता उरला. तिने माझी वाट बघणं सोडलं पाहिजे.

मी काकांना विचारलं होतं की काकूंच्या बाबतीत त्यांनी हे का नाही केलं. म्हणाले, सांगून कुणी वाट बघायचं थांबतं का, आणि थांबेल असं वागायची माझी छाती नाही झाली.

माझी छाती मोठी आहे. लहानपणापासून लोकांना रडवलंय मी.

आज ती चालू असताना भांडण काढलं. तिला म्हणालो, तुझ्या जाचाने जीव नकोसा झालाय. म्हणालो, तुझ्याकडे कुणी राहत नाही कारण तू माणसाच्या मानेवर बसतेस. म्हणालो, आई असती तर तिनेही तुला हाकललं असतं. हे शेवटचं ठरवलं नव्हतं. तोंडातून गेलं.

ती एवढंच म्हणाली की जेवून जा.

पिशवी घेऊन निघालो. काकांच्या मागच्या खोलीत आलोय.

शुक्रवार, ५ तारीख

समोरच्या इमारतीच्या जिन्यातून बघितलं. ताई दारात उभी. गॅलरीत दोन ताटं झाकलेली.

तीन तास बघितलं. हलली नाही. एक माशी तिच्या गालावर बसली, चालली, उडाली, परत बसली.

भांडणाने काही झालं नाही. उलट जास्त बघतेय वाट. मूर्ख बाई. मूर्ख, मूर्ख बाई.

रविवार, ७ तारीख

मेलेल्याची कुणी वाट बघत नाही.

लिहून ठेवलं.

सोमवार, ८ तारीख

नदीवर गेलो. कपडे, चपला, फोन, ऑफिसचं ओळखपत्र, सगळं काठावर घडी घालून ठेवलं, पोहायला उतरल्यासारखं. मी कपड्यांची घडी कधी घालत नाही. ते लक्षात आल्यावर परत जाऊन विस्कटले.

आयुष्यातली सगळ्यात मोठी थाप. हसायला कुणी नाही.

गुरुवार, ११ तारीख

चूक झाली. मोठी चूक —

काठावर बसलीय. तीन दिवस. लोक होडीतून शोधतायत, ती पाण्याकडे बघतेय. आता तर थांबते तेव्हा तासन् तास — पोलीसबाई तिच्या खांद्यावर चादर टाकतात, तोंडात पाणी घालतात, त्यांना वाटतं धक्का बसलाय. सापडत नाही तोवर ती वाट बघणार. हे मला आधी का नाही सुचलं? ओळीच्या वेळी तसंच, आताही तसंच. आधी काढायचं, मग विचार करायचा.

उद्या समोर जातो. जाऊन पायावर डोकं ठेवतो.

शुक्रवार, १२ तारीख

गेलो नाही.

खालच्या बाजूला, बंधाऱ्यापाशी, कुणीतरी सापडलं. माझ्याच वयाचं. चेहरा राहिला नव्हता म्हणे. काका जाऊन आले, त्यांनी सांगितलं. ताईला दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. सगळ्यांना वाटलं थांबली परत. मग म्हणाली, हो, हाच.

ताई, माझ्या डाव्या हाताचं बोट वाकडं आहे. तूच दारात चेंगरलं होतंस. बघितलं नाहीस का तू? की बघितलंस आणि —

दमली असेल. किती वाट बघायची माणसाने.

रविवार, १४ तारीख

अंत्यसंस्कार झाले. घाईसाहेब आले होते, मॅडम पण. मॅडम रडल्या म्हणे.

तो कोण होता? त्याला माझं नाव मिळालं. म्हणजे कुठेतरी दुसरी कुठलीतरी ताई दारात उभी असेल, ताट झाकून, आणि तिला कुणी कळवणार नाही.

मंगळवार, १६ तारीख

जिन्यातून बघितलं. ताईने माझी खाट भिंतीला उभी केली. गादी गॅलरीत टाकली. भांडी घासली. रडली. नाक शिंकरलं. परत रडली. सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकदासुद्धा थांबली नाही. रडतानाही नाही. थेंब खाली पडत होते. सगळे पडत होते.

रात्रीचं जेवण तिने वेळेवर घेतलं. एकच ताट.

मी जिन्यात बसून तोंडावर हात दाबून —

शनिवार, २० तारीख

काकांनी बजावलंय की ते दोघं माझी वाट बघणार नाहीत. जेवायला हाक मारत नाहीत. दाराशी ताट ठेवतात आणि वळूनही न बघता जातात. प्रेमाने करतात, मला कळतं.

आज ताट उचललं तर त्याच्या शेजारी दुसरं ताट. दोन्ही गार.

मी आत्ताच तर पहिलं ठेवलेलं ऐकलं.

मंगळवार?

माझी वाट बघणारं कुणी उरलं नाही. तर ती गेली कुठे — सात तास, आठ तास — कुठेतरी जाणारच.

पेन उचललं तेव्हा ऊन खिडकीत होतं. आता भिंतीवर आहे. मी एकच ओळ लिहिलीय.

तारीख माहीत नाही

दाढी वाढलीय. हाताला लागली तेव्हा कळलं.

काका दारातून म्हणाले की ताईला नोकरीवर परत घेतलं, बस चालवते, पोरांना ओरडते. कधी म्हणाले? आज? भिंतीवरचा आकडा विचारायचा होता, तोंड उघडलं, तर काका नव्हते. ताटावर धूळ.

बरं चाललंय ताईचं. बस्स.

—

जो कोण ही वही वाचतोय त्याला — तुम्हाला — हात जोडतो. आयुष्यात कधी कुणापुढे जोडले नाहीत.

मी जिवंत आहे हे कुणाला सांगू नका. मॅडमना नको. किल्लीवाल्याला नको, त्याच्या पोटात काही राहत नाही. ताईला तर मुळीच — तिला नुसता संशय जरी आला तरी ती दारात येऊन उभी राहील. मला माहितेय ना ती. बस चालवताना असली तर? मागे चाळीस पोरं असतात.

ती ओळही कुणी परत टाकू नका. ते बाळ —

आणि अजून एक. हे आधीच सांगायला हवं होतं, पहिल्याच पानावर. इथेच वही मिटा. माझं पुढे काय झालं म्हणून अडून राहू नका. कुणीही माझी वाट बघायला लागलं की ती त्याच्याकडे — तुम्हीसुद्धा आत्ता, या घडीला, पुढच्या ओळीची —